जोडे शिवणारा मिशनरी, मराठीचा कोश आणि बंद खोलीतली डोरोथी

सन 1810. पुण्यात अजून पेशवाई होती. गादीवर दुसरा बाजीराव होता. छापलेलं मराठी पुस्तक हातात पडणं ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट. त्या वर्षी बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठावरच्या एका गावात मराठीचा शब्दकोश छापून निघाला. मराठी शब्द मोडी लिपीत आणि त्यांचे अर्थ इंग्रजीत. मराठीचा पहिला छापील कोश म्हणून आज तो ओळखला जातो. तो करणारा माणूस महाराष्ट्रात कधी राहिलेला नव्हता. मूळ धंदा जोडे शिवण्याचा, नाव विल्यम कॅरी.

जगभरच्या चर्चमध्ये कॅरीला आधुनिक मिशनरी चळवळीचा जनक म्हणतात. त्याच्या नावाने शाळा आहेत, कॉलेजं आहेत. धर्मांतराच्या मुद्द्यावरून त्याला नावं ठेवणारेही कमी नाहीत. पण मान देणारे असोत की नावं ठेवणारे, मिशनरी म्हटलं की दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. पांढरा झगा, मोठा बंगला, पाठीशी इंग्रज सरकार आणि विलायतेहून येणारा पैसा. कॅरीची खरी हकिकत या चित्रात बसत नाही. त्यात कर्ज आहे, हगवण आहे, पोराचं मढं आहे आणि बारा वर्षं भ्रमात जगलेली एक बायको आहे.

विणकराचा पोरगा

विल्यम कॅरीचा जन्म 17 ऑगस्ट 1761 चा. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर भागातलं पॉलर्सपरी हे त्याचं गाव. बाप एडमंड हातमागावर कापड विणायचा, पुढे गावच्या शाळेत मास्तर झाला. विल्यमला लहानपणापासून झाडाझुडपांचं, किड्यामुंग्यांचं वेड. शेतीकाम करायची इच्छा होती, पण कातडीचा असा काही आजार होता की ऊन सोसायचं नाही. म्हणून बापाने त्याला सावलीत बसून करायचा धंदा शिकायला घातला. तो जोडे शिवायला लागला.

आरीने कातडं टोचता टोचता पोरगा भाषा शिकला. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच. शाळा फार झालेली नव्हती. मिळेल ते पुस्तक घ्यायचं आणि कामातून वेळ काढून वाचायचं, एवढंच त्याचं शिक्षण.

10 जून 1781 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात त्याने डोरोथी प्लॅकेटशी लग्न केलं. ती त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठी होती. लिहितावाचता येत नव्हतं. चर्चच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. इकडे नवरा अनेक भाषा वाचणारा, तिकडे बायको फुली मारणारी. दोघांच्या पुढच्या आयुष्यातली दरी त्या पानावरच दिसते.

पहिली मुलगी ॲन लहानपणीच तापाने गेली. त्याच तापाने कॅरीही अंथरुणाला खिळला. जिवावरचं टळलं, पण डोक्यावरचे केस कायमचे गेले. दुसरी मुलगी लूसी, तीही लहानपणीच गेली. कॅरी तोवर एका छोट्या बाप्टिस्ट मंडळीचा पाद्री झाला होता. पगार इतका तोकडा की शाळा चालवायची, जोडे शिवायचे आणि रविवारी प्रवचन करायचं, अशी तिहेरी कसरत होती.

नवऱ्याने ठरवलं, बायको नाही म्हणाली

शाळेत भूगोल शिकवताना कॅरीला जगाच्या नकाशाने झपाटलं. 1792 मध्ये त्याने एक छोटं पुस्तक छापलं आणि ख्रिस्ती माणसांनी दूरच्या देशांत जाऊन धर्म सांगितला पाहिजे असं मांडलं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंग गावात मोजकी माणसं जमली आणि एक मिशनरी सोसायटी निघाली. त्या दिवशी वर्गणीचा आकडा 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. एवढ्या पैशात हिंदुस्थान गाठायचा होता.

जॉन थॉमस नावाचा एक डॉक्टर बंगालमध्ये राहून आला होता. त्याच्याबरोबर जायचं कॅरीने ठरवलं. डोरोथीला मात्र हे मान्य नव्हतं. ती गरोदर होती, पदरात तीन मुलगे होते आणि दोन मुली मातीत गेलेल्या होत्या. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. मग कॅरीने थोरल्या फेलिक्सला घेतलं आणि बायकोला मागे ठेवून तो निघाला.

पण त्या जहाजातून जाणं झालंच नाही. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्याशिवाय हिंदुस्थानात जायला बंदी होती आणि कंपनीला मिशनरी नको होते. देवाधर्माच्या भांडणाने व्यापार बिघडेल ही तिची भीती. त्यात थॉमसच्या मागे सावकार लागलेले. कॅप्टनने या मंडळींना सामानासकट खाली उतरवलं.

तेवढ्या काळात डोरोथी बाळंत झाली होती. थॉमस आणि कॅरी पुन्हा तिच्याकडे गेले. ती पुन्हा नाही म्हणाली. शेवटी थॉमस एकटा परत गेला आणि तिला घाबरवलं. तू आली नाहीस तर कुटुंब कायमचं तुटेल, मग जन्मभर पस्तावशील, अशा धाटणीचं ते बोलणं होतं. बहीण किटी सोबत येणार असेल तरच येते, अशी अट घालून ती तयार झाली. घाईघाईने सामान बांधलं, काही विकलं. 13 जून 1793 रोजी एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले. अंगावरचं बाळ अवघ्या काही आठवड्यांचं होतं.

उतरले आणि पैसे संपले

पाच महिन्यांनी, 11 नोव्हेंबर 1793 ला ते कलकत्त्याला पोहोचले. परवाना नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते चोरून आलेले होते. पैशाचा व्यवहार थॉमसकडे होता आणि थॉमसचा हात सढळ. थोड्याच दिवसांत गाठीचं संपलं. परक्या मुलखात सात माणसांचं खटलं, त्यात एक तान्हं बाळ, घरात दाणा नाही आणि ओळखीचं कोणी नाही. काही दिवस एका बंगाली सावकाराच्या पडक्या बागेतल्या घरात काढले. डोरोथी आणि थोरला मुलगा हगवणीने आजारी पडले. ती चिडायची, रडायची, हे कशासाठी म्हणून विचारायची. सोबतची बहीणही तिच्याच बाजूने बोलायची.

1794 च्या सुरुवातीला कॅरी कुटुंबाला घेऊन सुंदरबनात गेला. तिथे जंगल तोडून शेती करायची होती. वाघाचा आणि हिवतापाचा तो मुलूख. चार्ल्स शॉर्ट नावाच्या एका कंपनी नोकराने ओळखदेख नसताना त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे किटीने याच शॉर्टशी लग्न केलं. तिचं बरं झालं, पण डोरोथीचा एकमेव आधार सुटला.

निळीचा कारखाना आणि पीटरची कबर

काही महिन्यांनी पोटापाण्याची सोय झाली. उत्तर बंगालमध्ये मालदा भागात मुदनाबाटी गावी निळीचा कारखाना होता. जॉर्ज उडनी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने कॅरीला तिथे व्यवस्थापक नेमलं. पगार महिना 200 रुपये. म्हणजे ज्याला जग धर्मोपदेशक म्हणून ओळखतं, तो हिंदुस्थानातली पहिली पाच-सहा वर्षं निळीच्या हौदांवर देखरेख करत होता. नीळ हे शेतकऱ्याच्या नरडीला लागलेलं पीक. साहेबांच्या सक्तीपायी बंगालचे शेतकरी इतके नागवले गेले की 1859 मध्ये त्यांनी उठाव केला. कॅरीचा काळ त्याच्या कितीतरी आधीचा. पण त्याची भाकरी याच धंद्यातून येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या सोसायटीलाही हे खटकलं. मिशनरी व्यापारात पडला म्हणून तिकडून बोल लागले. पैसे वेळेवर पोहोचत नव्हते, एका पत्राच्या उत्तराला वर्ष उलटायचं, पण उपदेश मात्र भरपूर.

ऑक्टोबर 1794 मध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने आणि हगवणीने गेला. कॅरी स्वतः अंथरुणावर होता. प्रेत परक्या जातीचं आणि परक्या धर्माचं. त्याला हात लावला तर वाळीत टाकतील, या भीतीने गावात कबर खोदायला माणूस मिळेना. खूप शोधाशोध केल्यावर कशीबशी माती झाली. डोरोथीने पोटची तीन लेकरं गमावली होती. हे तिसरं दुःख तिला पेललं नाही.

डोरोथी

1795 पासून तिच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत. तसं काही नव्हतं, हे आसपासच्या सगळ्यांनी लिहून ठेवलंय. पण तिला कोणी पटवू शकलं नाही. कॅरी कामाला निघाला की ती मागे जायची. चार लोकांत, नोकरांसमोर, रस्त्यावर ती त्याला वाटेल ते बोलायची. चाकू घेऊन अंगावर गेली असंही झालं. बाकी वेळ ती शहाण्यासारखी बोलायची, त्यामुळे नव्या माणसाला तिचंच खरं वाटायचं.

अशा अवस्थेत 1796 मध्ये तिला आणखी एक मुलगा झाला, जोनाथन.

आज अशा माणसाला डॉक्टर संशयाचा मानसिक विकार म्हणतील आणि औषध देतील. तेव्हा औषध नव्हतं. वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचा सल्ला कॅरीला मिळाला होता, तो त्याने मानला नाही असं चरित्रकार सांगतात. तिथली अवस्था जनावरांच्या कोंडवाड्यासारखी होती. मग उरला एकच मार्ग. तिला घरातच खोलीत बंद ठेवायचं. शेजारच्या खोलीत कॅरी पंडितांना घेऊन भाषांतर करत बसायचा आणि भिंतीपलीकडून तिचा आरडाओरडा ऐकू यायचा. 8 डिसेंबर 1807 ला ती गेली. ताप आला आणि त्यातच संपली. हिंदुस्थानात येऊन चौदा वर्षं झाली होती, त्यातली बारा भ्रमात गेली.

पुढे कॅरीची बरीच चरित्रं निघाली. त्यातल्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत डोरोथी एक तर दोन ओळींत उरकलेली असते, नाहीतर अडाणी आणि थोर माणसाच्या कामात खोडा घालणारी म्हणून येते. ती आधी दोनदा नाही म्हणाली होती, हे मात्र बाजूला पडलं. तिच्यावर स्वतंत्र चरित्र निघायला 1992 साल उजाडावं लागलं.

पोरांचेही हालच झाले. बाप कामात, आई बंद खोलीत. ती हुंदडत वाढली. पुढे श्रीरामपूरला आल्यावर हॅना मार्शमन या सहकाऱ्याच्या बायकोने आणि विल्यम वॉर्डने त्यांना वळण लावलं.

सात वर्षांत एक माणूस

हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे. कलकत्त्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, हुगळीच्या काठी असलेलं बंगालचं श्रीरामपूर, इंग्रजांच्या तोंडी सेरामपूर. ते तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1799 मध्ये इंग्लंडहून नवे मिशनरी आले, पण कंपनी त्यांना आपल्या हद्दीत राहू देईना. डॅनिश गव्हर्नरने आसरा दिला. मुदनाबाटीचा कारखाना तोवर बुडीत निघून बंद झाला होता. 10 जानेवारी 1800 ला कॅरी श्रीरामपूरला आला. जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर, विल्यम वॉर्ड हा छापखान्यातला माणूस आणि कॅरी, या तिघांची जोडी पुढे वीस-पंचवीस वर्षं टिकली.

सुरुवात मात्र मढ्यांनी झाली. नव्याने आलेला ग्रँट तीन आठवड्यांत गेला. फाउंटन गेला, ब्रन्सडन गेला, थॉमस गेला. दोन वर्षांत चार माणसं.

आणि धर्मप्रसार? हिंदुस्थानात येऊन सात वर्षं झाली तरी कॅरीच्या हातून एकही हिंदू ख्रिस्ती झाला नव्हता. पहिला माणूस मिळाला तो प्रवचनामुळे नव्हे, खांदा निखळल्यामुळे. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला, थॉमसने तो बसवला, त्यातून येणंजाणं वाढलं. कृष्ण पाल मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवला, तेव्हा जमाव जमला आणि त्याला ओढत अधिकाऱ्यांपुढे नेलं. गव्हर्नरने सोडून दिलं. 28 डिसेंबर 1800 ला हुगळीच्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला.

मिशनच्या इतिहासात हा दिवस सोन्याचा म्हणून सांगतात. त्याच दिवशी मिशनच्या आवारात दोन माणसं बंद होती. एका खोलीत डोरोथी. दुसऱ्या खोलीत डॉक्टर थॉमस, इतक्या वर्षांनी यश आलं या आनंदाने त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता.

मराठी कशी शिकला

1800 मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विलायतेहून येणाऱ्या पोरसवदा साहेबांना देशी भाषा शिकवायच्या, हा त्याचा हेतू. ज्या कंपनीने कॅरीला देशात घ्यायलाही नकार दिला होता, तिलाच 1801 मध्ये त्याची गरज पडली. बंगाली आणि संस्कृत शिकवायला त्याला 500 रुपये महिन्यावर नेमलं. पुढे मराठीही त्याच्याकडे आली आणि पगार हजारावर गेला. मंगळवार ते शुक्रवार कलकत्त्याला, बाकी दिवस श्रीरामपूरला, ये-जा नावेतून. पगार घरात ठेवायचा नाही, मिशनच्या एकत्र थैलीत टाकायचा आणि स्वतःपुरतं थोडं घ्यायचं, असा तिघांचा नियम होता.

मराठी का, याचं उत्तर राजकारणात आहे. 1803 मध्ये शिंदे आणि भोसल्यांशी इंग्रजांची लढाई झाली, मोठा मुलूख त्यांच्या हाती गेला. आता कागदपत्रं वाचायची, अर्ज ऐकायचे, वसुली करायची तर मराठी हवीच. म्हणजे कॅरीचं मराठी काम हे काही निव्वळ मराठीच्या प्रेमातून झालेलं नाही. सरकारला कारभार करायचा होता आणि त्याला बायबल द्यायचं होतं.

1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं. 1810 मध्ये कोश. 1811 मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर. कोशासाठी मोडी लिपी घेतली, कारण मराठी मुलखातला पत्रव्यवहार आणि दफ्तर मोडीतच चालायचं. याच छापखान्यातून पंडित वैजनाथ शर्मा यांनी केलेली मराठी पुस्तकंही निघाली. सिंहासनबत्तिशी 1814 मध्ये, हितोपदेश 1815 मध्ये.

कॅरीने चाळीसेक भाषांत बायबल पूर्ण किंवा थोडंथोडं छापून दिलं असं सांगतात. एकट्या माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही. कामाची रीत अशी होती. त्या त्या भाषेचा पंडित शेजारी बसायचा, एकेक वाक्य तपासायचा, चुकलं तर दुरुस्त करायचा. मराठीसाठी वैजनाथ पंडित होते. बंगालीसाठी रामराम बसू, मृत्युंजय विद्यालंकार होते. छपाईचे खिळे पंचानन कर्मकार नावाच्या कारागिराने पाडले. अक्षराचा पोलादी ठसा हाताने कोरायचा, त्यावरून साचा करायचा आणि मग खिळे ओतायचे. पंचानन गेल्यावर जावई मनोहरने तेच काम चालवलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र साहेबाचंच नाव मोठं.

भाषांतरं सगळीच चांगली उतरली असंही नाही. बऱ्याच भाषांत ती इतकी अवघड झाली की ज्यांच्यासाठी केली त्यांना कळेनात. मराठी बायबलही पुढे मुंबईकडच्या मिशनऱ्यांनी नव्याने केलं. मोडी कोशाची जागा 1831 मध्ये मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाने घेतली. पण पायवाट कोणीतरी आधी पाडावी लागते, ती कॅरीने आणि वैजनाथ पंडितांनी पाडली.

एका रात्रीत राख

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाच्या गोदामातून ती पसरली. कॅरी तेव्हा कलकत्त्याला होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद गेला, कित्येक भाषांचे खिळे वितळले. सगळ्यात मोठं नुकसान हस्तलिखितांचं. अनेक भारतीय भाषांचा एकत्र कोश, तेलुगू आणि पंजाबीची व्याकरणं, वर्षानुवर्षांची मेहनत. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

नशिबाने छापयंत्रं आणि अक्षरांचे पोलादी ठसे वाचले. वितळलेल्या शिशाचे गोळे राखेतून उकरून काढले आणि त्यातूनच नवे खिळे ओतायला सुरुवात केली. जळालेली व्याकरणं कॅरीने पुन्हा पहिल्या पानापासून लिहिली. शेत गारपिटीत गेलं तरी पुढच्या पेरणीला माणूस उभा राहतो, तसंच हे.

सतीचा कायदा

1799 मध्ये कॅरीने नदीकाठी एका बाईला सती जाताना पाहिलं. त्याने थांबवायचा प्रयत्न केला, लोकांनी त्याला हाकललं. त्यानंतर तीस वर्षं तो या प्रथेविरुद्ध माहिती गोळा करत राहिला, सरकारकडे अर्ज देत राहिला. या लढाईत मोठा वाटा राजा राममोहन रॉय यांचा. 4 डिसेंबर 1829 ला लॉर्ड बेंटिंकने सतीबंदीचा कायदा केला. तो बंगालीत करायचं काम कॅरीकडे आलं. कागद हातात पडला तो रविवारी सकाळी. इतक्या वर्षांत रविवारचं प्रवचन त्याने सहसा चुकवलं नव्हतं. त्या दिवशी प्रवचन दुसऱ्याकडे सोपवून तो पंडिताला घेऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरं केलं. एक दिवस उशीर झाला तर आणखी कितीतरी बायका जळतील, हा त्याचा हिशेब होता.

ऊन न सोसणाऱ्याची शेती

लहानपणी उन्हामुळे शेती सोडावी लागलेल्या या माणसाने श्रीरामपूरला पाच एकरांची बाग केली. पहाटे उठून तो आधी बागेत जायचा. बंगालच्या शेतकऱ्याची अवस्था त्याने जवळून पाहिली होती. दिनाजपूर भागातल्या शेतीवर त्याने 1811 मध्ये सविस्तर निबंध छापला. 1820 मध्ये त्याच्या पुढाकाराने कलकत्त्याला शेती आणि बागायतीची संस्था निघाली. चांगलं बी, फळझाडं, जनावरांची पैदास, पडीक जमीन लागवडीखाली आणणं हे तिचे विषय. ती संस्था कोलकात्यात आजही आहे. एकदा इंग्लंडहून आलेल्या बियाण्याची पिशवी त्याने बागेच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून डेझीचं रोप उगवलं. आपल्या गावाकडचं ते साधं रानफूल परक्या मातीत बघून म्हातारा हरखून गेला. बंगालला आल्यापासून तो एकदाही मायदेशी गेला नव्हता.

1823 च्या पुरात ही बाग बुडाली. त्याच सुमारास नावेतून उतरताना पाय घसरून कॅरीच्या कमरेला मार लागला. कित्येक महिने कुबड्यांवर गेले. बरा झाल्यावर त्याने पुन्हा झाडं लावली.

आपल्याच माणसांचा संशय

परक्यांचा विरोध कॅरीने सोसला. आपल्याच माणसांचा संशय जास्त लागला. लंडनची सोसायटी चालवणारी जुनी मित्रमंडळी वारली. नव्या मंडळींना श्रीरामपूरच्या जमिनी, इमारती, छापखाना दिसत होता. या तिघांनी मिशनच्या नावावर माया जमवली असा बोभाटा झाला. नव्या दमाचे मिशनरी वेगळे निघाले, त्यात कॅरीचा सख्खा पुतण्याही होता. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि लंडन यांची फारकत झाली. ज्या सोसायटीच्या स्थापनेत कॅरी पुढे होता, तिनेच त्याच्याकडे हिशेब मागितला. प्रत्यक्षात त्याने आपली जवळजवळ सगळी कमाई मिशनमध्ये घातली होती.

घरातही तेच. थोरला फेलिक्स ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. 1814 मध्ये नाव उलटून त्याची बायको आणि मुलं इरावती नदीत बुडाली. मग तो तिथल्या राजाचा वकील झाला, भरकटला, परत आला आणि 1822 मध्ये बापाच्या आधी गेला. कॅरीने 1808 मध्ये शार्लट रुमोर या डॅनिश बाईशी दुसरं लग्न केलं होतं. डोरोथीला जाऊन पाचच महिने झाले होते, म्हणून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. शार्लट शिकलेली होती, पण तब्येतीने अधू. हा संसार सुखाचा झाला, पण 1821 मध्ये तीही गेली. उतारवयात ग्रेस ह्यूज या विधवेशी लग्न केलं, तिने शेवटपर्यंत सेवा केली.

1830 नंतर कलकत्त्यातल्या मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या. मिशनचा पैसा त्यात अडकला होता, तो गेला. कॉलेजातली प्राध्यापकी बंद झाली, पगाराची पेन्शन झाली. 9 जून 1834 ला, वयाच्या 72 व्या वर्षी विल्यम कॅरी श्रीरामपुरातच गेला. मृत्युपत्रात मोठी इस्टेट नव्हतीच. पुस्तकं विकून मुलाला द्यायची, एवढीच काय ती वाटणी.

हिशेब

माणसांना ख्रिस्ती करायला म्हणून तो आला. त्या मोजपट्टीने पाहिलं तर एवढ्या वर्षांच्या मानाने हाती थोडंच लागलं. टिकलं ते वेगळंच. कोश, व्याकरणं, छापखान्याचे खिळे, सतीबंदीचा कागद, 1818 मध्ये काढलेलं श्रीरामपूरचं कॉलेज आणि शेतीची संस्था.

आणि किंमत? ती त्याने मोजली, पण एकट्याने नाही. डोरोथीने मोजली आणि तिला निवड नव्हती. मिशनऱ्याच्या आयुष्यातलं झाकलेलं सत्य म्हणतात ते हेच. ध्येय एकाचं असतं आणि सोसावं सगळ्या घराला लागतं. हे फक्त मिशनऱ्याचं नाही. समाजासाठी घर सोडणाऱ्या कोणत्याही माणसाच्या उंबऱ्याआत डोकावलं तर अशी एखादी डोरोथी दिसू शकते.

सह्याद्रीच्या रानात कुंभा नावाचं झाड आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला मोठी पांढरी फुलं येतात, तुऱ्यासारखे भरपूर केसर असलेली. सालीच्या वाखाचा दोर करतात. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या या मित्राच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, कॅरिया आर्बोरिया. रानात गुरं घेऊन जाणारा त्याला कुंभाच म्हणतो. डोरोथीची कबर श्रीरामपूरच्या मिशनच्या स्मशानभूमीत आहे.